भाऊजींच्या मनाला शांती नव्हती

देव माझ्या भाऊजींशी कधी बोलला असेलच, तर त्यानं आधी त्यांची सोय विचारून घेतली असणार. कारण देवाची इच्छा आणि भाऊजींची इच्छा यांच्यात इतक्या वर्षांत एकदाही खटका उडाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, एक शिक्षक, तो म्हणजे ते स्वतःच, आणि रस्त्याला लागून एक अरुंद ऑफिस. त्या ऑफिसात मी बसते. फोन घ्यायचे, कुणाला कधी गाडी द्यायची ते ठरवायचं, रडत बाहेर आलेल्या शिकाऊंना पाणी द्यायचं, ही माझी कामं. मी लग्न केलं नाही. ताईच्याच घरात वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. म्हणजे भाऊजी मला दिवसा ऑफिसात आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, असे दोन्हीकडे सोसावे लागतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या बोलण्यातला कडवटपणा कुठून आला ते शोधत बसायला नको.

माणूस दिसायला नीटनेटका. शर्ट कडक इस्त्रीचा, पट्टा पोटाच्या वर, आणि उरलेले केस एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ताणून बसवलेले. त्यांच्या पायाखाली स्वतंत्र ब्रेक असतो, शिकवण्याच्या गाडीत असतोच तसा. तो दाबून झाला की ते ओरडायचे. मी एकदा म्हटलं, भाऊजी, ओरडू नका, ती मुलगी परत यायची नाही. त्यावर म्हणाले, मी ओरडत नाही, माझा आवाज लांब जातो.

हा लांब जाणारा आवाज चर्चमध्ये मात्र कुणी ऐकून घेत नसे. चर्चच्या कमिटीवर निवडून यावं अशी त्यांची फार इच्छा. दर निवडणुकीला उभे राहायचे आणि दर निवडणुकीला आपटायचे. पडले की महिनाभर शेवटच्या बाकावर बसून मंडळीत प्रेम कसं उरलं नाही ते शेजारच्याला ऐकवायचे. पाळकांना त्यांची दया यायची. पण मत द्यायला दया पुरत नाही.

अशात चर्चमध्ये पारख वर्ग सुरू झाला.

वर्ग आणला औषधवाल्या बाईंनी. चर्चसमोर त्यांचं औषधांचं दुकान होतं. शांत बाई. दुकानात गिऱ्हाईक काय बोलतंय ते शेवटपर्यंत ऐकून मगच फडताळाकडे वळायच्या. त्यांनी कुठेतरी हा अभ्यासक्रम स्वतः केला होता आणि आता आपल्या मंडळीतही व्हावा असं त्यांच्या मनात होतं. चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे जास्तीच्या खुर्च्या आणि रविवारच्या शाळेतल्या मुलांची चित्रं ठेवलेली असतात, तिथे आठवड्यातून एका संध्याकाळी सहा-सात माणसांनी गोल करून बसायचं. एक पातळ पुस्तिका असायची. पण खरा अभ्यास पुस्तिकेत नव्हता, तो एकमेकांचं ऐकण्यात होता. आपल्या आयुष्यातला एखादा निर्णय अडला असेल, तर तो माणूस तो गोलात मांडणार. मग सगळ्यांनी गप्प बसून प्रार्थना करायची. मग बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्नही विचारायचा नाही. कोणत्या वाटेचा विचार केला की मन देवाकडे ओढलं जातं आणि कोणत्या वाटेनं ते कोरडं पडतं, ते ज्याचं त्यानं ओळखायचं. निर्णयही ज्याचा त्यानं घ्यायचा.

सहा डोकी भरत नव्हती म्हणून बाईंनी मलाही बोलावलं. मी कुरकुरतच गेले. पण खोटं कशाला बोलू, बाई वर्ग घेत होत्या तोवर ती खोली चांगली होती. त्या फार थोडं बोलायच्या. एकदा त्यांनी सांगितलं, "सुटल्यासारखं वाटणं वेगळं आणि शांती वेगळी. सुटका पटकन येते. शांती आली तरी पुढे काम उरतंच." मला ते पटलं. भाऊजींनी ते पुस्तिकेच्या समासात लिहून घेतलं आणि तिथेच ठेवलं.

भाऊजींना या वर्गात जे सापडलं ते वेगळंच होतं. आजवर त्यांना एखादी गोष्ट नको असली तर कारण द्यावं लागे. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढी. आता कारणाची गरजच उरली नाही. डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि म्हणायचं, "मनाला शांती नाही." आता शांती नाही म्हणणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा?

ताईला मोठा फ्रिज हवा होता. जुन्याचं दार दोरीनं बांधून ठेवावं लागे. भाऊजींनी त्यावर प्रार्थना केली आणि शांती काही आली नाही. मग त्यांना स्वतःला नवा टीव्ही हवासा वाटला. तेव्हा शांती दुकानातच आली, विक्रेत्याचं बोलणं संपायच्याही आधी. ऑफिसातही तेच. एक शिकाऊ म्हणाला, सर, मी परीक्षेला बसू का? भाऊजी म्हणाले, मी पारखून सांगतो. तो बिचारा म्हणाला, सर, मला गाडी मागे घेता येते, तेवढं पारखलंत तरी चालेल.

ताई हे सगळं मुकाट्यानं बघायची. ताईचा स्वभावच तसा आहे. ती भांडत नाही, ती वाट बघते.

पुढे औषधवाल्या बाईंच्या मुलीला बाळ झालं. दुकान भाच्याच्या हाती देऊन बाई मुलीकडे राहायला गेल्या. जाताना वर्ग ऑर्गनबाईंनी चालवावा असं त्या म्हणाल्या होत्या. ऑर्गनबाई म्हणजे आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या. शाळेत संगीत शिकवायच्या. चाळिशी उलटलेली. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं त्यांनी एकटीनं केलं, ते गेल्यावर घरात त्या आणि त्यांचा पियानो. आवाज इतका बारीक की त्यांचं नाव पुकारलं तरी त्यांनाच ओशाळं व्हायचं. वर्ग चालवायचं म्हटल्यावर त्या आठवडाभर विचार करत राहिल्या. तेवढ्यात भाऊजी लवकर जाऊन खुर्च्या मांडून बसले. गोलात मुख्य खुर्ची नसते, म्हणूनच तर गोल करतात. पण भाऊजी ज्या खुर्चीवर बसले ती मुख्य झाली. त्यांच्या हातात एक छोटी घंटाही आली. ती त्यांनी कुठून पैदा केली देव जाणे. मौन सुरू झालं की वाजवायची, संपलं की वाजवायची. कमिटीवर कधी न आलेला माणूस शेवटी कशाचा तरी अध्यक्ष झाला.

त्या वर्षी चर्चमधली जुनी वायरिंग बदलायला एक वायरमन आला. विधुर होता. कामाला चोख, बोलायला बेताचा. ऑर्गनमध्ये हवा भरणारा पंखा बंद पडे, तोही त्यानंच दुरुस्त केला. आणि दुरुस्त झाल्यावरही तो बघायला येत राहिला. ऑर्गनबाई सराव करायच्या तेव्हा तो शेवटच्या बाकावर टोपी हातात धरून बसायचा. मग एक दिवस त्यानं त्यांना लग्नाचं विचारलं.

ऑर्गनबाईंनी ते वर्गात मांडलं. अगदी हळू आवाजात, मान खाली घालून. म्हणाल्या, तो माणूस घरात आला की मी नकळत गुणगुणायला लागते आणि तो गेला तरी ते थांबत नाही. मला वाटलं, संपला विषय. याहून सरळ उत्तर देव तरी काय देणार?

भाऊजींना तसं वाटलं नाही. त्याला कारण होतं आणि ते मला माहीत होतं, कारण ऑफिसात मीच बसते. या वायरमननं पूर्वी आमच्याकडे गाडी शिकायला नाव घातलं होतं. भाऊजींचं ओरडणं ऐकून तो चौथ्या दिवशी उतरला, पलीकडच्या चौकातल्या स्कूलमध्ये गेला आणि पहिल्याच परीक्षेत पास झाला. भाऊजी ते विसरले नव्हते, विसरल्याचं दाखवत होते.

त्यांनी घंटा वाजवली आणि प्रश्न सुरू केले. नियम अगदी डोळ्यांत तेल घालून पाळला. सल्ला एका शब्दाचाही नाही, फक्त प्रश्न. हा माणूस तुम्हाला देवाजवळ नेईल की लांब? तो चर्चमध्ये देवासाठी येतो की तुमच्यासाठी? तुमचे वडील असते तर काय म्हणाले असते? एकटेपणाला कंटाळून तर तुम्ही हे करत नाही ना? प्रत्येक प्रश्नाबरोबर ऑर्गनबाई खुर्चीत थोड्या लहान होत गेल्या.

शेजारी बसलेले निवृत्त कॅशियर मान डोलवत होते. ते सगळ्यालाच मान डोलवतात.

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, हे प्रश्न नाहीत, हे नकार आहेत. भाऊजी शांतपणे म्हणाले की इथे मत मांडायचं नसतं, फक्त प्रश्न विचारायचा असतो.

"बरं, मग हा प्रश्न समजा," मी म्हणाले. "यात तुमचा काय संबंध?"

त्यांनी घंटा वाजवली. माझ्या आत अधीरतेचा आत्मा काम करतोय असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि माझ्यासाठी प्रार्थना करायला घेतली. प्रार्थना चालू असतानाच मी उठून बाहेर आले. पुन्हा त्या वर्गाला जायचं नाही असं ठरवलं. घरी मात्र जेवणाच्या टेबलावर अधीरतेचा आत्मा त्यांच्यासमोरच बसत होता, त्याचं त्यांना काही करता आलं नाही.

वर्गात ते प्रकरण काही आठवडे चाललं. शेवटी ऑर्गनबाईंनी वायरमनला नाही सांगितलं. तो निमूट गेला आणि चर्चमध्ये दिसायचा बंद झाला. ऑर्गनबाई वर्गात म्हणाल्या म्हणे, आता मोकळं वाटतंय. आणि भाऊजी घरी येऊन, बूट काढता काढता, मोठ्या समाधानानं म्हणाले, "बघ, याला म्हणतात शांती." मी त्यांना औषधवाल्या बाईंचं वाक्य ऐकवलं, समासात लिहिलंय तेच. ते म्हणाले, बाईंची पातळी वेगळी होती. वेगळी म्हणजे खालची, असं त्यांना म्हणायचं होतं.

त्यानंतर ताईची पाळी आली.

ताई लग्नाआधी नर्सिंग शिकलेली. चार वर्षं इस्पितळात नोकरीही केली. मग लग्न झालं, मग भाऊजींना वेळेवर जेवण लागतं हे निष्पन्न झालं, आणि ताईचा पांढरा गणवेश कपाटाच्या तळाला गेला. मूलबाळ झालं नाही. आता तिची एक जुनी मैत्रीण दुसऱ्या गावातल्या नर्सिंग कॉलेजची प्रमुख झाली होती. तिथे मुलींच्या वसतिगृहाला वॉर्डन हवी होती आणि मैत्रिणीनं ताईला बोलावलं. राहायला दोन खोल्या, अंगण, आणि सांभाळायला एक इमारतभर मुली. ताईनं टेबलावर विषय काढला. भाऊजींनी चमचा खाली ठेवला, डोळे मिटले, आणि मी मनात तीन आकडे मोजायच्या आत म्हणाले की आपल्या मनाला शांती नाही.

ताई ठीक आहे म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा शांती नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नव्हती. तेव्हा ताईनं हात पुसले आणि अगदी सहज म्हणाली, "तुमच्या वर्गात मांडते मी हे."

भाऊजी घाबरले नाहीत, उलट खूश झाले. बायको आपल्या वर्गात येते याचा त्यांना मान वाटला. ताईनं मला बरोबर यायला सांगितलं. मी पुन्हा जाणार नव्हते, पण ताईनं सांगितल्यावर मी कुठेही जाते.

खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. भाऊजी, कॅशियर, ऑर्गनबाई, आणखी दोघं-तिघं. ताईनं आपली गोष्ट चार वाक्यांत सांगितली. घंटा वाजली, मौन झालं, घंटा वाजली. आणि भाऊजींनी पहिला प्रश्न टाकला.

"तू गेल्यावर घर कोण बघेल, हा विचार आलाय का तुझ्या मनात?"

"आलाय," ताई म्हणाली. "तुम्ही बघाल."

कॅशियरांची मान डोलता डोलता अर्ध्यावर थांबली. भाऊजींनी आणखी दोन प्रश्न विचारले, सेवा घरात जास्त होते की बाहेर, वगैरे. ताईनं त्यांना तितकीच सरळ उत्तरं दिली. आणि ऑर्गनबाईंनी मान वर केली. इतक्या महिन्यांत त्यांनी त्या गोलात कुणाला काही विचारलं नव्हतं असं मला नंतर कळलं.

त्यांनी ताईला विचारलं, "तिकडे जायचा विचार मनात आला की तुमचं काय होतं?"

ताईनं विचार करून सांगितलं की ती भरभर चालायला लागते. परवा बाजारातून घरी कधी पोचली तेच कळलं नाही.

"आणि इथेच राहायचं असा विचार केला की?"

"झोप येते," ताई म्हणाली. "दिवसासुद्धा."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. पेशंटचा ताप सांगावा तसं सांगत होती. भाऊजींनी घंटेकडे हात नेला. पण ऑर्गनबाई आता त्यांच्याकडे वळल्या होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सर, तुम्हाला शांती वाटते, किंवा वाटत नाही, तेव्हा तुमचं नेमकं काय होतं?"

भाऊजींनी पुस्तिका हातात घेतली. तिची दोन पानं उलटली. कॅशियर त्यांच्याकडे बघत होते, ताई बघत होती, मी तर बघतच होते. माणसानं काहीतरी थापा माराव्यात, छातीत ऊब वाटते, प्रकाश दिसतो, काहीही. त्यांना तेवढंसुद्धा सुचलं नाही. त्यांनी घंटा वाजवून वर्ग संपवला. मौन न करताच.

ताईनं तिथेच, खुर्च्या भिंतीला लावता लावता, सांगितलं की आपला निर्णय झाला आहे.

आम्ही तिला गाडीतूनच सोडायला गेलो, छतावरची शिकाऊची पाटी काढून. मागच्या सीटवर तिच्या पेट्या, शिवणयंत्र, आणि त्यांच्यामध्ये चेपून बसलेली मी. वसतिगृहाच्या दारात मुली गोळा झाल्या होत्या. ताईनं आल्या आल्या एकीला बुटांच्या नाड्या बांधायला सांगितल्या. ती मुलगी खाली वाकली, आणि मी ताईचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत तो चेहरा मला आमच्या घरात दिसला नव्हता.

परतीच्या वाटेवर भाऊजी नेहमीपेक्षा हळू गाडी चालवत होते. मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "मला कधी काहीच ऐकू आलं नाही."

मला आधी वाटलं हॉर्नबद्दल बोलताहेत.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळे डोळे मिटून बसायचे आणि उघडले की कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी असायचं, कुणाचा चेहरा उजळलेला असायचा. यांना पंख्याची घरघर सोडून काही ऐकू यायचं नाही. औषधवाल्या बाईंना विचारायची लाज वाटली. वाटलं, मंडळीत आपण एकटेच बहिरे. मग इतरांसारखं बोलायला लागले. शांती आहे, शांती नाही. कुणी संशय घेतला नाही, उलट लोक मान द्यायला लागले.

मला त्या क्षणी त्यांची कीव आली, हे नाकारत नाही. पण कीव आली तशी गेली, कारण मला ऑर्गनबाईंची खाली गेलेली मान आठवली. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून गप्प बसणारा माणूस बिचारा असतो. ऐकू येत नसताना दुसऱ्याला निरोप सांगणारा बिचारा नसतो. मी म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायला हवं त्यांचं घर आपल्या वाटेवर आहे.

आश्चर्य म्हणजे त्यांनी खरंच ऑर्गनबाईंच्या घरापाशी गाडी थांबवली. मी आतच बसून राहिले. भाऊजींनी केस सारखे केले, बेल वाजवली. ऑर्गनबाई दारात आल्या. भाऊजी हात हलवत बरंच काही बोलले. त्या ऐकून घेत होत्या. मग त्या काहीतरी थोडंसं बोलल्या आणि दार बंद झालं.

ते परत येऊन बसले. मी विचारलं, सांगितलंत? ते म्हणाले, सांगितलं, की मी पुन्हा प्रार्थना केली आणि आता त्या लग्नाबद्दल माझ्या मनाला शांती आहे.

मी विचारलं, काय म्हणाल्या त्या? तर म्हणाल्या, त्याचं गेल्या महिन्यात लग्न झालं.

"भाऊजी, तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की तुम्हाला काही ऐकू येत नाही."

"ते कसं सांगणार?" ते म्हणाले. "मग वर्ग कोण घेईल?"

मी गाडीतून उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी चर्चमध्ये साक्ष दिली. देवानं आपल्याला कसं पत्नीला सेवेसाठी मोकळं करायला सांगितलं, ते करताना काळजाला कशी घरं पडली, तरी आपण आज्ञा कशी पाळली. मंडळी आमेन म्हणाली. पाळकांनी खांद्यावर हात ठेवला. ऑर्गनवर पुढच्या गीताची सुरावट सुरू झाली ती नेहमीपेक्षा जरा लवकर, भाऊजींचं शेवटचं वाक्य अजून तोंडातच होतं. फोनवर मी हे ताईला सांगितलं, तर ती इतकी हसली की मागे मुली काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागल्या.

आता गोष्ट इथेच थांबली असती तर बरं झालं असतं, मला मनासारखं बोलता आलं असतं. पण पुढे ऑर्गनबाई ऑफिसात आल्या. त्यांना दुसरीकडच्या एका मोठ्या शाळेत नोकरी मिळाली होती. शाळेच्या दोन शाखा एकमेकींपासून लांब, गाडी चालवता येणं भाग होतं. पलीकडच्या चौकातली स्कूल बंद पडली होती, त्यामुळे गावात शिकवणारे भाऊजीच. मी म्हटलं, विचार करा. त्या म्हणाल्या, केला. फक्त मी मागच्या सीटवर बसावं एवढी त्यांची अट होती. मी ऑफिसला कुलूप लावून बसायला लागले.

भाऊजी त्यांच्यावर एकदाही ओरडले नाहीत. आवाज लांब जायचा राहिला. क्लच हळू सोडा, आरसा बघा, आता तिसरा टाका, एवढंच. बोलायला दुसरं काही नव्हतंच, आणि तिथे घंटाही नव्हती.

एक दिवस गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी कडेला घ्यायला सांगितली. ऑर्गनबाईंनी घेतली. इंजिन चालूच होतं. भाऊजी समोर काचेकडे बघत म्हणाले, "मला त्या वर्गात कधीच काही ऐकू आलं नाही. तुमच्या वेळीही नाही. तो माणूस माझी स्कूल सोडून गेला होता, म्हणून मला आवडत नव्हता. एवढंच होतं."

ऑर्गनबाईंचे हात स्टिअरिंगवर होते. बोटं जराशी हलली, ऑर्गनच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हलतात तशी. मग त्या म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी गिअर टाकला. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली आणि ऑफिसपर्यंत एकही चूक न करता आणली. उतरताना भाऊजींनी विचारलं, माफ केलंत ना? माझ्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाला पावतीसुद्धा लगेच हवी.

"अजून नाही केलं," ऑर्गनबाई म्हणाल्या. "उद्याचा क्लास किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. परीक्षेला पहिल्या वेळी नापास झाल्या, दुसऱ्या वेळी पास झाल्या. दरम्यान भाऊजींनी वर्ग सोडला. पाळकांना कारण खरं सांगितलं की गाडीचं काम वाढलंय म्हणून सांगितलं, ते मला माहीत नाही. विचारायचा कंटाळा आला. वर्ग आता कॅशियर घेतात आणि पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवतात. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

घरी भाऊजी स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करतात, एक बाही नेहमी चुरगळलेली राहते. सुट्टीच्या दिवशी ताईला भेटायला जातात. वसतिगृहाच्या नियमाप्रमाणे पुरुषांना आत जाता येत नाही, म्हणून पाहुण्यांच्या बाकावर बसतात. ताई काम आटोपून येते, कधी लवकर, कधी उशिरा. ते वाट बघतात. तेवढं त्यांना शिकवायला कुणी वर्ग काढला नव्हता.

ऑर्गनबाई गेल्या तो दिवस मला चांगला आठवतो. त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती. मागच्या सीटवर पुस्तकांची खोकी आणि घडी केलेल्या पडदे-चादरींची बोचकी. ऑफिससमोरून जाताना त्यांनी वेग कमी केला, हॉर्न वाजवला आणि खिडकीतून हात हलवला. भाऊजी बाहेर फुटपाथवर उभे होते, मी दारात. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

भाऊजी वळून म्हणाले, "मलाही हात केला असेल."

"नाही," मी म्हटलं. "मला केला."